कव्हर छापताय तर चित्रकाराचं नावही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकन रहस्यकथा मासिकांवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. मनापासून आवडला, हॅमेट आणि चँडलर यांच्या लेखनाबद्दल इतकं नीट क्वचितच वाचायला मिळतं. पण दोन गोष्टी आठवडाभर डोक्यातून जात नाहीयेत म्हणून हे पत्र. एक म्हणजे या मासिकांच्या कव्हरांबद्दल अख्ख्या लेखात एकच वाक्य आहे आणि त्यात "भडक आणि बाजारू" म्हणून विषय संपवलाय. दुसरी म्हणजे लेखासोबत पाव पान भरून तुम्ही जे कव्हर छापलंत, ज्याच्यामुळे पान उलटता उलटता माझा हात थांबला, त्याच्याखाली फक्त "जुन्या पल्प मासिकाचं मुखपृष्ठ" एवढंच लिहिलंय. लेख लिहिणाऱ्याचं नाव आहे, पानाची मांडणी करणाऱ्याचं नाव आहे, आणि ज्याने ते चित्र काढलं त्याचं नाव कुठेच नाही.

ते चित्र जॉर्ज रोझन यांचं आहे. 'द शॅडो' या, त्याच नावाच्या नायकाच्या रहस्यकथा छापणाऱ्या मासिकाची बहुतेक गाजलेली कव्हरं त्यांचीच. रुंद काठाची काळी टोपी, काळा झगा आणि त्याचं आतलं लालभडक अस्तर, बाकदार नाक, टोपीच्या अंधारातून बघणारे डोळे, हे सगळं आज त्या पात्राची ओळख म्हणून आपण धरून चालतो पण ते कागदावर कोणीतरी बसून ठरवलंय ना. जॉर्ज यांचे जुळे भाऊ जेरोम हेही चित्रकारच, सुरुवातीची काही शॅडो कव्हरं त्यांनी केली आणि मग ते काम जॉर्ज यांच्याकडे आलं. हे मासिक १९३१ ते १९४९ चाललं, ३२५ अंक निघाले, मधली बरीच वर्षं तर महिन्याला दोन अंक. म्हणजे दर पंधरा दिवसांनी त्याच टोपीचं त्याच झग्याचं नवीन चित्र, आणि तरी ते आधीच्यासारखं दिसता कामा नये. मी बरीच वर्षं मुलांना चित्रकला शिकवते, एकच विषय दहाव्यांदा काढायला सांगितला की हात कसा कंटाळतो ते मी रोज बघते, त्यामुळे मला या माणसाबद्दल फार वाटतं.

पल्प म्हणजे काय ते लेखात आलंय, लाकडाच्या लगद्याचा सगळ्यात स्वस्त कागद, साधारण सात बाय दहा इंचाचा अंक, १२८ पानं, किंमत दहा सेंटपासून पंचवीस सेंटपर्यंत. पण एक गोष्ट राहिली ती म्हणजे आतला कागद इतका हलका आणि कव्हर मात्र गुळगुळीत चकचकीत कागदावर आणि पूर्ण रंगीत. प्रकाशकाने रंग वापरायला दिलेली जागा म्हणजे जवळजवळ तेवढीच. आत काळ्या शाईचे दोन कॉलम, मधेमधे एखादं रेखाचित्र, बस्स. न्यूजस्टँडवर शेजारी शेजारी ढिगाने मासिकं लावलेली असायची आणि खिशात दहा सेंट असलेला माणूस कामावरून घरी जाताना दोन-चार सेकंद त्यांच्यासमोर उभा राहायचा, तेवढ्यात जे काय व्हायचं ते व्हायचं. हे काम चित्राने करायचं होतं. लेखकाचं नाव कितीही मोठं असलं तरी ते वाचायला आधी माणूस थांबायला हवा.

माझ्याकडे असा एक अंक काही दिवस होता, ओळखीच्यांनी बघायला दिला होता. कुठल्या मासिकाचा ते कव्हरवरून कळतच नव्हतं कारण वरची नावाची पट्टी फाडलेली होती. हे का होतं ते नंतर समजलं, न विकलेले अंक अख्खे परत पाठवायचा खर्च परवडायचा नाही म्हणून विक्रेते कव्हर किंवा कव्हरवरची नावाची पट्टीच फाडून परत पाठवायचे आणि तेवढ्यावर पैसे वळते करून घ्यायचे. आतली पानं हात लावला की कडेने तुटायची, मांडीवर तपकिरी भुगा पडायचा, या कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य आणि आम्ल राहून जातं म्हणून तो असा आतल्या आत जळल्यासारखा होतो. आणि त्या भुग्यावर ते कव्हर, जवळपास नव्वद वर्षांनी, अजून लाल. एक बाई टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून उभी आहे, तोंड अर्धवट उघडं, आणि तिच्या मागच्या दाराची मूठ एका हातमोज्यातल्या हाताने धरलेली. माणूस दिसतच नाही, फक्त मनगटापर्यंत हात. खाली उजव्या कोपऱ्यात सही असावी अशी दोन-तीन फटकाऱ्यांची जागा होती पण छापताना कडा कापल्या गेल्या त्यात तीही गेली. वर मासिकाचं नाव नाही आणि खाली चित्रकाराचं नाही.

तो अंक मी वर्गात नेला होता (लांबूनच दाखवला, हात लावू दिला नाही) आणि मुलांना एकच प्रश्न विचारला, उजेड कुठून येतोय? पहिल्यांदा सगळ्यांनी सांगितलं टेबलावरच्या दिव्यातून. बरोबर, बाईच्या गालावर आणि गळ्यावर पिवळा उबदार उजेड आहे तो दिव्याचा. मग एक मुलगी म्हणाली की चित्रातल्या बाईच्या केसांच्या मागच्या कडेला हिरवट रेघ आहे ती कशाची? तिथेच सगळी गंमत आहे! खोलीत हिरवा दिवा कुठेच नाही, दाराच्या फटीतूनही तसा उजेड येणं शक्य नाही, तो चित्रकाराने स्वतः आणून ठेवलाय, कारण मागच्या गडद रंगातून आकृती सुटून पुढे यायला हवी आणि शिवाय त्या खोलीत काहीतरी बरोबर नाहीये हे बघणाऱ्याला न सांगता कळायला हवं. एका बाजूने गरम उजेड आणि दुसऱ्या बाजूने थंड, ही या कव्हरांची फार आवडती युक्ती, आणि एकदा लक्षात आली की मग एकामागून एक कव्हरावर दिसायला लागते. याला भडक म्हणणं सोपं आहे. पण लाल, पिवळा आणि हिरवा एवढे तीन रंग शेजारी ठेवून त्यातला एकही दुसऱ्याला गिळणार नाही असं करून बघा, मी स्वतः केलंय प्रयत्न, दोन तास घालवून नुसता चिखल झाला.

आणि क्षण कुठला निवडलाय तेही बघा. चांगल्या कव्हरावर खून झालेला नसतो, व्हायचा असतो. दार उघडलेलं नसतं, मूठ फिरत असते. गोळी सुटलेली नसते. एक अर्धा सेकंद पकडलाय आणि त्याच्या आधी काय झालं आणि पुढे काय होणार हे दोन्ही बघणाऱ्याने स्वतः भरायचं, म्हणजे अंक हातात घेण्याआधीच त्याने डोक्यात अर्धी गोष्ट लिहून टाकलेली असते. आकृत्या सरळ उभ्या कधी नसतात, सगळं तिरकं, हात तिरका, पिस्तूल तिरकं, खुर्ची पडता पडता अडकलेली, त्यामुळे चित्र स्थिर असूनही डोळा स्थिर राहत नाही. वर मासिकाच्या नावासाठी जागा रिकामी सोडायची, बाजूला गोष्टींची आणि लेखकांची नावं यायची त्यासाठी जागा सोडायची, आणि तरीही चित्र कापल्यासारखं वाटता कामा नये. मूळ चित्रं बघितली की कळतं, वरचा तिसरा हिस्सा कित्येकदा नुसता सपाट रंग असतो, तो आळस नसतो, तिथे अक्षरं बसणार हे धरून केलेलं काम असतं.

हे करणारे लोक काही शिकाऊ नव्हते. नॉर्मन सॉन्डर्स हे हार्वे डन यांच्याकडे शिकले, आणि डन हे हॉवर्ड पाइल यांचे शिष्य, म्हणजे अमेरिकेतल्या चित्रकथनाची जी सगळ्यात मोठी परंपरा मानतात तिची ही थेट तिसरी पिढी. वॉल्टर बॉमहॉफर हे प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये डीन कॉर्नवेल यांच्या हाताखाली शिकलेले. पण १९२९ नंतरच्या मंदीत जाहिरातींची कामं आटली, चकचकीत कागदावरच्या मोठ्या मासिकांत शिरकाव अवघड झाला, आणि पल्प मात्र खपत होते कारण दहा सेंटात आठवडाभराची करमणूक दुसरीकडे कुठे मिळणार. म्हणून हे शिकलेले हात इकडे वळले. सॉन्डर्स यांनी तिशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढची काही वर्षं वर्षाला साधारण शंभर कव्हरं केली, म्हणजे आठवड्याला दोन, कॅनव्हासवर, आणि गुप्तहेर, काउबॉय, विमानं जे मागतील ते. तेच सॉन्डर्स पुढे १९६२ मध्ये 'मार्स अटॅक्स' या, मंगळावरून होणाऱ्या हल्ल्याच्या गोष्टीच्या, जमवायच्या कार्डांची चित्रं रंगवतात, आज लोक ती कार्डं जपून ठेवतात. 'ब्लॅक मास्क' या रहस्यकथा मासिकासाठी कव्हरं करणारे जेस श्लायकियर यांनी नंतर दुसऱ्या महायुद्धात सरकारी युद्ध पोस्टरं केली. रफाएल डीसोटो, जॉन न्यूटन हॉविट, विल्यम रॉयसविग, ही सगळी नावं मुद्दाम लिहितेय, एकदा तरी मराठी वर्तमानपत्रात छापून यावीत म्हणून.

लेखात 'ब्लॅक मास्क' बद्दल दोन परिच्छेद आहेत, मेंकेन आणि नेथन यांनी १९२० मध्ये ते फक्त पैसे मिळवायला काढलं आणि काही महिन्यांतच विकून टाकलं, मग जोसेफ शॉ संपादक झाले आणि हॅमेटची 'माल्टीज फाल्कन' ही कादंबरी १९२९-३० मध्ये तिथे क्रमशः आली, हे सगळं बरोबरच आहे. पण तो अंक हातात घेणाऱ्या माणसाने आधी काय बघितलं? हॅमेटचं पहिलं वाक्य नाही बघितलं, चित्र बघितलं. आपण साहित्याचा इतिहास लिहितो तेव्हा हे अगदी सहज विसरतो.

कधीकधी तर चित्र आधी आणि गोष्ट नंतर असाही मामला असायचा. शॅडोच्या पहिल्याच अंकाचं उदाहरण मला फार आवडतं. रेडिओवर रहस्यकथा सांगणाऱ्या 'शॅडो' नावाच्या आवाजाला लोक भुलले, स्टॉलवर जाऊन शॅडोचं मासिक मागायला लागले, तसं मासिक तर अस्तित्वातच नव्हतं, म्हणून स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनाने ते घाईघाईत काढलं. कव्हरवर सावली तर हवी आणि नवीन चित्र करून घ्यायचं नव्हतं, मग जुन्या साठ्यात शोधलं तेव्हा मॉडेस्ट स्टाइन यांचं १९१९ मध्ये 'थ्रिल बुक' साठी केलेलं एक चित्र सापडलं, चिनी पोशाखातला माणूस आणि मागे भिंतीवर त्याची सावली. तेच लावलं. आणि लेखक वॉल्टर गिब्सन यांना कव्हराशी जुळावं म्हणून गोष्टीत चिनी धागा ओवावा लागला. बारा वर्षं कपाटात पडलेल्या एका चित्राने गोष्टीचा रस्ता वळवला, आणि गिब्सन यांचं नाव (मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाआडून का होईना) सगळ्यांना माहीत आहे, स्टाइन यांचं किती जणांना?

आता एक गोष्ट मी टाळणार नाही कारण टाळली तर पत्र अप्रामाणिक होईल. या कव्हरांतली बरीच बघवत नाहीत. चिनी माणूस म्हटलं की तो लांब नखांचा खलनायकच, बाई म्हटली की ती बांधलेली आणि कपडे फाटलेले, हे वर्षानुवर्षं चाललं. 'स्पायसी मिस्टरी' आणि 'स्पायसी डिटेक्टिव्ह' या मासिकांनी तर त्यावरच धंदा केला, शेवटी न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी असल्या कव्हरांविरुद्ध मोहीम उघडली आणि १९४३ मध्ये 'स्पायसी' हा शब्द काढून त्या मासिकांना 'स्पीड' असं नाव द्यावं लागलं. मला त्या विषयांचं समर्थन अजिबात करायचं नाही. पण त्याच मासिकांचे चित्रकार एच. जे. वॉर्ड यांचं रंगकाम बघा, कातडीवरचा उजेड ज्या पद्धतीने त्यांनी रंगवलाय तो बघितला की राग आणि कौतुक दोन्ही एकदम येतं, इतका हात असलेला माणूस आणि त्याला हेच काढायला दिलं. १९४० मध्ये सुपरमॅनचं पूर्ण उंचीचं ऑइल पेंटिंग केलं ते यांनीच. १९४५ मध्ये वयाच्या पस्तिशीतच गेले.

मार्गारेट ब्रंडेज यांच्याबद्दलही थोडं. त्यांनी 'विअर्ड टेल्स' साठी कव्हरं केली, ते मासिक रहस्यापेक्षा भयकथांकडे जास्त झुकणारं पण स्टॉलवर सगळं शेजारी शेजारीच असायचं. १९३२ पासून साठाहून जास्त कव्हरं, ऑइलमध्ये नाही तर पेस्टलमध्ये, म्हणजे खडूसारखं, बोट लागलं तरी पुसलं जाईल इतकं नाजूक काम. सही करताना आडनावाआधी फक्त एम, त्यामुळे बऱ्याच वाचकांना ही बाई आहे हेच माहीत नव्हतं.

आणि सगळंच आरडाओरडा करणारं होतं असंही नाही. १९४१ मध्ये 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' निघालं, त्याची सुरुवातीची कव्हरं जॉर्ज सॉल्टर यांनी केली. तिथे धावपळ नाही, किंकाळी नाही, एखादी वस्तू, एखादा हात, एखादं चिन्ह, शांतपणे ठेवलेलं, आणि बघताना हळूहळू अस्वस्थ व्हायला होतं. विषय तोच, खून, आणि सांगायची पद्धत पूर्ण उलटी. "भडक" या एका शब्दात हे कुठे बसवणार?

मला खरं दुखतं ते पुढचं. मूळ चित्रं, साधारण तीस इंच बाय वीस इंचाचे कॅनव्हास, ही बहुतेक वेळा प्रकाशकाच्याच ताब्यात राहायची. एकदा छापून झालं की त्यांचं काम संपलं. गोदामात जागा खातात म्हणून ढिगाने फेकून दिली, कोणी फुकट न्यायलाही तयार नव्हतं. चित्रकारांनाही यात काही वावगं वाटायचं नाही, किंवा वाटलं तरी बोलायची सोय नव्हती. काहीजण तर सहीच करायचे नाहीत, पुढे मोठ्या मासिकांत काम मिळायचं असेल तर पल्पशी नाव जोडलं जायला नको म्हणून. काही मासिकं अनुक्रमणिकेच्या पानावर बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव द्यायची, बरीच देत नसत. मग युद्धात कागदाची टंचाई झाली, अंक आकसून छोट्या, डायजेस्ट आकाराचे झाले, पेपरबॅक आले, टीव्ही आला, १९४९ मध्ये स्ट्रीट अँड स्मिथने आपली पल्प मासिकं बंदच केली आणि पन्नासचं दशक संपेपर्यंत पल्प जवळजवळ संपलेच. हजारो कव्हरं छापली गेली आणि मूळ चित्रं उरली ती अगदी थोडी.

जी उरली ती काही वेड्या माणसांमुळे. रॉबर्ट लेसर नावाचे न्यूयॉर्कचे संग्राहक, कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून ही पेंटिंग्ज शोधून शोधून जमवत राहिले, आणि २००३ मध्ये त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन चक्क ब्रुकलिन म्युझियममध्ये भरलं. ज्या चित्रांना एकेकाळी फुकट घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं ती तिथे फ्रेम करून, नीट लाइट लावून टांगलेली, आणि शेजारी पाटीवर चित्रकाराचं पूर्ण नाव. दुसरे डेव्हिड सॉन्डर्स, नॉर्मन सॉन्डर्स यांचे चिरंजीव आणि स्वतः कलाकार, यांनी वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी पल्प चित्रकारांची चरित्रं जमवून सगळ्यांसाठी खुली ठेवलीत, कोण कुठे जन्मला, कुठे शिकला, बायकोला मॉडेल म्हणून कसं उभं करायचा, पुढे काय झालं. म्हणजे नाव सापडत नाही ही सबब आता बऱ्याच कव्हरांच्या बाबतीत उरलेली नाही.

म्हणून माझी विनंती छोटीशीच आहे. लेखात "मुखपृष्ठ" असा उल्लेख आला किंवा ते छापलं, तर चित्राखाली एक ओळ, चित्रकाराचं नाव, मासिकाचं नाव, महिना आणि वर्ष. सापडलं नाही तर "चित्रकार अज्ञात" असं लिहा, तेही चालेल, निदान चित्र कोणीतरी काढलं होतं एवढं तरी त्यातून कळतं. जुने अंक शोधताना कव्हर बघून झाल्यावर अनुक्रमणिकेचं पान आणि चित्राचे खालचे दोन्ही कोपरे एकदा झूम करून बघायला तुमच्या मंडळींना सांगा, सही बहुतेक वेळा तिथेच असते, कधी बुटाच्या सावलीत, कधी टेबलाच्या पायाशी. आणि जमलं तर पुढच्या एखाद्या रविवारी फक्त कव्हरांवर एक पान द्या. मजकूर कमी, चित्रं मोठी, रंगीत. कृष्णधवल छापू नका प्लीज, मघाशी सांगितलेली ती हिरवी रेघ त्यात जाईल.

गेल्या रविवारचं पान मी कापून ठेवलंय आणि चित्राखालच्या मोकळ्या जागेत पेनाने जॉर्ज रोझन असं लिहिलंय.

आपली नियमित वाचक,
एक चित्रकला शिक्षिका